किल्लेदाराचं कुत्रं आणि पान तीनशे अठ्ठ्याऐंशी

डुलुथ, मिनेसोटा
४ मार्च १९७९

प्रिय वेल्मा,

तुझं पत्र मिळालं. नेहमीप्रमाणे आधी मागची बाजू वाचली. शेवंडाची मादी कात टाकताना आठ दिवस दगडाखाली दडून बसते, हे समजलं. पण पुढचं पान तू कुणाला पाठवलंस? ती बाहेर आली की नाही, या विचाराने दोन दिवस माझं दुकानात लक्ष नाही. टायपिंग करणाऱ्या बाईने रद्दी पानांच्या पाठीवर पत्रं लिहावीत, काटकसर म्हणून मला मान्य आहे. पण मग पानं क्रमाने तरी पाठवावीत.

आता मुद्द्यावर येतो. 'मीठवाटे' कादंबरीचा पाचवा आणि शेवटचा भाग ऑक्टोबरात येतोय, हे तू आपल्या वाचकमंडळाच्या 'दोन पेले'च्या ताज्या अंकात वाचलंच असशील. म्हणजे अकरा वर्षांचं आपलं भांडण आणखी सात महिनेच पुरणार. तेवढ्यात तुला शुद्धीवर आणावं म्हणून नवा पुरावा देतो.

पहिल्यापासून सांगतो, कारण तू सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतेस. तिसऱ्या भागात उत्तरेच्या राणीचा वेढा पडलाय. किल्लेदार ब्रॅनॉक आपल्या हाताने नदीकडचं फाटक उघडतो, शत्रू आत येतो, म्हातारा राजा मारला जातो, राजपुत्र एल्डन कुठेतरी नाहीसा होतो. ब्रॅनॉक राणीच्या चाकरीत शिरतो आणि जाताना राजाचं बारा वर्षांचं बहिरं कुत्रं बरोबर नेतो. तुम्ही कुत्रेवाले त्या कुत्र्याच्या शेपटीला धरून बसलात: फितूर माणूस बहिरं कुत्रं कशाला सांभाळील? आम्ही फाटकवाले साधी माणसं. फाटक कुणी उघडलं? त्याने. संपलं.

मी घड्याळजी आहे, म्हणून या खेपेला पाणघड्याळ मोजलं. फाटक उघडलं तेव्हा दुसरी घटका भरायची होती, आणि निरोप्या आला तिसरीत. म्हणजे कुणाच्याही हुकमाची वाट न बघता त्याने ते आपल्या मनाने उघडलं. यावर तुझं काय म्हणणं?

अक्षर वाकडं आलंय त्याबद्दल माफ कर. भिंग बदलायला झालंय बहुतेक.

तुझा फाटकवाला,
ऑरिन

*

मटेगन, नोव्हा स्कोशिया
१९ मार्च १९७९

प्रिय ऑरिन,

मादी बाहेर आली. पुढचं पान हेच आहे, उलटून बघ.

तुझा पाणघड्याळाचा पुरावा वाचून मी माझ्या भावाला, आल्सीदला, हाक मारली आणि मोठ्याने वाचून दाखवला. त्याने 'मीठवाटे'चं एक पानही वाचलेलं नाही, पण तो म्हणाला, "राजा त्याच वाड्यात होता ना? मग निरोप्या कशाला हवा? जिन्यावरून ओरडला असेल." अकरा वर्षं तुम्ही तेवीस फाटकवाले मिळून जे बघू शकला नाहीत ते जाळी विणता विणता एका कोळ्याला दिसलं. याला म्हणतात वाचन.

कुत्र्याचं तुला कळत नाही, कारण तू कुत्रं पाळलेलं नाहीस. बहिरं कुत्रं आपण होऊन कुणाच्या मागे जात नाही. त्याला हाक ऐकू येत नाही. त्याला कुणीतरी उचलून न्यावं लागतं, नाहीतर कुणीतरी हातात द्यावं लागतं. चौथ्या भागात ब्रॅनॉक रोज जेवायला बसताना दोन पेले मांडतो आणि दुसरा कुणालाच देत नाही, तो कुणासाठी? यावर तुझं उत्तर काय, तर "सवय". सवय म्हणे. अरे, सवय कुणाची तरी असते.

आपल्या मंडळाच्या आयोनकडे, पैजेच्या बिस्किटाच्या डब्यात, माझं पाकीट आहे तसंच राहणार. कुत्रं, आणि एका ओळीत कारण. एक सप्टेंबरपर्यंत पाकीट बदलायची मुभा आहे, तिचा फायदा घे. डेटनच्या बैठकीत सगळ्यांसमोर तुझं पाकीट फुटेल आणि मला हसू आवरणार नाही. बक्षिसाचा तो कुरूप जस्ती पेला मी माझ्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवणार आहे, जागाही पुसून ठेवलीय.

भिंग नाही, डोळे दाखव.

तुझी कुत्रेवाली,
वेल्मा

*

डुलुथ
७ मे १९७९

प्रिय वेल्मा,

डोळे दाखवले. ते पुढे सांगतो. आधी दुसरं.

एप्रिलपासून तुझी दोन पत्रं आली. दोन्ही कोऱ्या कागदावर. मागे ना शेवंडं, ना चर्चची वर्गणी, ना कुणाचं मृत्युपत्र. अकरा वर्षांत पहिल्यांदा. दोन्ही पत्रांत हवापाणी आहे, आल्सीदची पाठ आहे, किसलेल्या बटाट्याची रापी करपली ते आहे. ब्रॅनॉकबद्दल एक शब्द नाही. मी मुद्दाम लिहिलं होतं की कुत्रं भाकरीच्या लोभाने गेलं असेल. एरवी तू माझी सालं काढली असतीस. तू लिहिलंस, "असेलही."

आणि काल आयोनचं पत्र आलं. तिने सहज लिहिलं की वेल्माने डब्यातलं आपलं पाकीट परत मागवलं, तब्येतीचं काही आहे का?

घड्याळ बंद पडलं की मी आधी काय हलत नाही ते बघतो. तुझं काय हलत नाही, ते मी बघितलं. रद्दी पानं तू वापरत नाहीस, म्हणजे ती घराबाहेर जाऊ द्यायची तुला मनाई आहे. ब्रॅनॉकवर बोलत नाहीस, म्हणजे बोलायला जागा उरली नाही. पाकीट मागे घेतलंस, कारण उत्तर ठाऊक असताना डाव खेळणाऱ्यांतली तू नाहीस. 'मीठवाटे' लिहिणाऱ्या मिस ऑसगुड पूर्व किनाऱ्यावर कुठेतरी राहतात, हे आपल्यात सगळ्यांना माहीत आहे. त्या हाताने लिहितात, हेही. शेवटचा भाग तू टाइप करते आहेस, वेल्मा.

आता डोळ्यांचं. डॉक्टर म्हणतात, नजरेचा मधला भाग चाललाय. कडेचं सगळं दिसतं. जिथे बघावं तिथेच दिसत नाही. तबकडीची चौकट दिसते, काटा दिसत नाही. सध्या मोठ्या भिंगाखाली दिवसाला एखादं पान वाचता येतं. ऑक्टोबरपर्यंत तेही जाईल असं ते म्हणाले. तीस एप्रिलला दुकान बंद केलं, फोनही काढून टाकला.

दुकानाचं मला फार वाटत नाही. पण अठरा वर्षं ज्या माणसाच्या मागे लागलो, तो कोण होता हे मला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं. कुणीतरी वाचून दाखवलेलं नको होतं. मी सबंध पुस्तक मागत नाही. एक शब्द लिही, फाटक किंवा कुत्रं. तो मी अजून वाचू शकतो.

ऑरिन

*

मटेगन
१५ मे १९७९

ऑरिन,

मी काय टाइप करते आणि कुणासाठी, हे मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलंही नव्हतं. लोक माझ्याकडे मृत्युपत्रं देतात, घटस्फोटाचे कागद देतात, कारण मटेगनमध्ये वेल्मा डूसेटचं तोंड बंद असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. तेवढंच माझं भांडवल आहे.

तुझे तर्क तुझ्यापाशी ठेव. माझा कागद, माझं पाकीट, माझी रापी, सगळं तू भिंगाखाली धरलंस. मी म्हणजे काय चौथ्या भागाचं सातवं प्रकरण आहे?

आणि डोळ्यांचं शेवटी लिहिलंस. आधी माझा गुन्हा शाबीत केलास, मग डोळे काढलेस. मला नाही म्हणता येऊ नये म्हणून. हे मला लागलं. तू असा नव्हतास.

तुझे डोळे चाललेत हे वाचून मी दोन दिवस मशीनला हात लावला नाही. तरीही मी तुला एक शब्द सांगणार नाही, आणि सांगण्यासारखा शब्द माझ्याकडे आहे असंही कबूल करणार नाही.

वेल्मा

*

मटेगन
१७ मे १९७९
(तातडीचं टपाल)

ऑरिन,

मंगळवारचं माझं पत्र आलं असेल तर ते उलटू नकोस. आलं नसेल तर आल्यावर उलटू नकोस. लिहिलेलं वाच, मागचं वाचू नकोस.

आता लपवण्यात अर्थ नाही. तुझा तर्क बरोबर आहे. मिस ऑसगुडबाईंच्या जुन्या टायपिस्टचं मनगट मोडलं आणि फादरनी माझं नाव सुचवलं. मी कुत्रेवाली आहे, हे मी त्यांना आधीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं, मग लक्ष देऊन टाइप कराल." वचन एकच घेतलं: शेवटाबद्दल कुणापाशी अक्षर काढायचं नाही, आणि बिघडलेली पानं रोज संध्याकाळी चुलीत. मी ती पालथी घालून ठेवते आणि आकडे वहीत टिपून जाळते. मंगळवारी तुझ्यावर चिडून बसले, आणि तुला पत्र लिहायचं म्हटल्यावर हात अकरा वर्षांच्या सवयीने त्या गठ्ठ्याकडे गेला. आल्सीद गावात निघाला होता, त्याच्या हातात पाकीट दिलं. त्या संध्याकाळी जाळायचं राहिलं, आणि काल जाळताना बघते तर पान तीनशे अठ्ठ्याऐंशी नाही.

पोस्टात धावत गेले, थैली गेली होती. फोन लावला आणि मग आठवलं, तू तो काढलास.

ते कुठलंही पान नाही, ऑरिन. तेच पान आहे. त्यांना हे कळलं तर काम जाईल, ते जाऊ दे. पण मी कधी कुणाला दिलेला शब्द मोडलेला नाही. ते पान परत पाठव.

वेल्मा

*

डुलुथ
२४ मे १९७९

प्रिय वेल्मा,

तुझं रागाचं पत्र सोमवारी आलं, तातडीचं मंगळवारी. आता काय झालं ते जसंच्या तसं सांगतो.

एरवी मी आधी मागची बाजू वाचतो, तुला ठाऊक आहे. या खेपेला आधी तुझी वाचली, कारण तू रागावलीस का ते बघायचं होतं. रागावली होतीस. तेवढं वाचता वाचता डोळे थकले. मागचं उद्या वाचू म्हणून पान घड्याळाखालच्या फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी भिंग पुसत होतो तेवढ्यात टपालवाल्याने दार वाजवलं.

मंगळवार आणि बुधवार ते पान माझ्या घरात होतं. मोह झाला नाही असं म्हणणार नाही. दिवा लावला, भिंग ठेवलं, पान समोर घेतलं आणि तासभर बसलो. खाली सरोवराच्या मुखाशी जहाजासाठी पूल वर उचलल्याचा भोंगा झाला, खनिजाचं जहाज आत आलं, गेलं. मग मी पान एका रुंद चपट्या डब्यात घातलं, वर मेण लावलं आणि आज तो तुला पाठवतोय.

पान उलटलं नाही. डोळ्यांचं शेवटी लिहिलं ते चुकलंच. तुझं खरं होतं.

ऑरिन

*

मटेगन
५ जून १९७९

प्रिय ऑरिन,

डबा मिळाला. मेण शाबूत होतं. फार उपकार झाले. मी मिस ऑसगुडबाईंना सगळं सांगितलं, कारण न सांगता झोप येईना. त्यांनी विचारलं, "तुमच्या मित्राने वाचलं असेल का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी काम काढून घेतलं नाही. पान मात्र आपल्याजवळ ठेवून घेतलं.

तुला सहज विचारते, पाणघड्याळाच्या पुराव्याचं तू पुढे काय केलंस? अजून फाटकावरच आहेस का? आल्सीदही विचारत होता. आणि समजा, कुणाच्या हातात एखादी गोष्ट अर्धीच आली, तर त्यावर त्याने भरवसा ठेवावा का, तुला काय वाटतं? असंच आपलं डोक्यात आलं. तू मंगळवारी भिंग पुसत होतास म्हणालास, पत्र तर सोमवारी वाचून झालं होतं ना?

इकडे धुकं आहे.

वेल्मा

*

डुलुथ
२५ जून १९७९

वेल्मा,

एका पत्रात तीनदा विचारलंस. मेण शाबूत होतं म्हणालीस, पण मेण मीच लावलं होतं, हेही तुझ्या ध्यानात आलंच असेल.

मी तुला पुस्तकासारखं वाचलं, आता तू मला वाचते आहेस. ठीक आहे, फिटंफाट झाली. पण मी उलटलं नाही, हे एकदा सांगून झालंय. दुसऱ्यांदा सांगितलं तर ते खोटं वाटायला लागेल, म्हणून सांगत नाही.

पुस्तक येईपर्यंत ब्रॅनॉकबद्दल मी एक शब्द लिहिणार नाही. हे पत्र माझी भाची सिग्ने लिहून घेते आहे. ती म्हणते, "मामा, एवढं कुणाबद्दल चाललंय?" मी म्हटलं, एका किल्लेदाराबद्दल.

ऑरिन

*

मटेगन
२ ऑक्टोबर १९७९

प्रिय ऑरिन,

तीन महिने तुझं पत्र नाही. मीही लिहिलं नाही. काय लिहावं ते कळत नव्हतं.

पुस्तक नऊ तारखेला दुकानांत येतंय. वीस तारखेला डेटनला डबा फुटणार, मी जाणार आहे. पाकीट नसलं तरी बसायला बंदी नाही. तिथून बसने तुझ्याकडे येते. सिग्नेला सांग, अंथरूण कसलंही चालेल. तू म्हणाला होतास की वाचून दाखवलेलं नको. मला ते पाठ आहे. पण दुसऱ्या कुणी वाचून दाखवण्यापेक्षा जिने ते अक्षर न् अक्षर टाइप केलं तिने वाचावं, एवढं मागते. नको असेल तर तसं कळव, मी डेटनहून घरी जाईन.

तोवर कुणाला काही सांगू देऊ नकोस. 'दोन पेले'चा अंक आला तर न फोडता ठेव.

वेल्मा

*

डुलुथ
१० ऑक्टोबर १९७९

वेल्मा,

ये. बस साडेचारला येते, सिग्ने घ्यायला येईल. मला तुझा चेहरा नीट दिसणार नाही, पण बाजूला बघत राहिलो तर केस दिसतील. तेव्हा मी खिडकीकडे बघत बोललो तर रागावलोय असं समजू नकोस.

ऑरिन

*

मटेगन
२८ नोव्हेंबर १९७९

प्रिय ऑरिन,

हे पत्र मोठ्या अक्षरांच्या मशीनवर लिहिते आहे. शाळेतल्या पहिलीच्या बाईंकडून उसनी आणली. एका ओळीत चार शब्द मावतात, त्यामुळे पानं बरीच होतील. कडेकडेने जमेल तेवढं वाच, बाकीचं सिग्ने वाचेल. सगळ्यांत खालचं पान मात्र तिने आधी काढू नये.

तुझ्या घरी अकरा दिवस राहिले आणि एक गोष्ट तोंडाने सांगता आली नाही. सांगितली असती तर कबूल करावं लागलं असतं की उन्हाळाभर मी तुझ्यावर संशय घेतला. तुला ते ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि समोर बसून ऐकणं वेगळं. तुझ्याकडच्या बटाट्याच्या मऊ लेफ्सा-पोळ्या खात खात मला ते धैर्य झालं नाही. म्हणून लिहिते.

ते पान रद्दी का झालं होतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगूच शकत नव्हते. आता पुस्तक तू ऐकलं आहेस, म्हणून सांगते. छापील पान चारशे दोन आठव. एल्डन मोठा होऊन परत आलाय आणि ब्रॅनॉकला विचारतो, फाटक कुणासाठी उघडलंस? मिस ऑसगुडबाईंच्या हस्ताक्षरात ते असं होतं:

"'राणीसाठी,' ब्रॅनॉक म्हणाला. 'पंधरा वर्षं विचारील त्याला मी हेच सांगितलं, कारण तुझ्या बापाने तसं वचन घेतलं होतं. त्या गर्दीत तू बाहेर पडावास म्हणून त्याने मला ते उघडायला लावलं. मला त्याच्याजवळ थांबायचं होतं. त्याने कुत्रं माझ्या हातात दिलं आणि जा म्हणाला,' ब्रॅनॉक म्हणाला. राजपुत्र उठून उभा राहिला."

तू ही ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतलीस. मग उठलास आणि हाताने चाचपून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली दिलीस.

आता बघ, 'ब्रॅनॉक म्हणाला' त्यात दोनदा आहे. टाइप करताना माझी नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेली. टायपिस्टची जुनी खोड आहे ती, तीस वर्षांत गेली नाही. मधलं सगळं गळलं. माझ्या पानावर एवढंच उतरलं: "'राणीसाठी,' ब्रॅनॉक म्हणाला. राजपुत्र उठून उभा राहिला." मशीनमधून काढून वाचलं तेव्हा चूक दिसली, पान पालथं घातलं, नवीन केलं.

म्हणजे तुझ्या फळीवर दोन दिवस जे पान होतं, ते साफ खोटं होतं. ज्याने ते उलटलं असतं त्याने ब्रॅनॉकच्या तोंडून ऐकलं असतं की तो राणीचाच माणूस होता, आणि फाटकवाले जिंकले. हे सांगून तुला सावध करावं तर शेवट फुटतो, आणि गप्प बसावं तर तू एका खोट्यावर शिक्कामोर्तब करून डोळे घालवणार. म्हणून मी जूनमध्ये तसलं वेडंवाकडं पत्र लिहिलं, अर्ध्या गोष्टीवर भरवसा ठेवावा का वगैरे. तू दुखावलास आणि गप्प झालास. त्या गप्प बसण्याचा मी काय अर्थ काढला असेल, ते तूच सांग. मला वाटलं, याने वाचलं. वाचलं, आपण जिंकलो हे कळलं, आणि आता माझ्याशी बोलायला लाजतोय.

मग डेटन. आयोनने चर्चच्या तळघरात खुर्च्या मांडल्या होत्या, कॉफी होती, मुरांबा भरलेली पेस्ट्री होती, एकेचाळीस माणसं होती. ती एकेक पाकीट फोडून वाचत होती. पाकीट तिच्या हातात आलं ती तारीख ती झाकणावर टाकते, हे तुला माहीत आहे. तुझं नाव घेतलं तेव्हा मी माझ्या बुटांकडे बघत होते. ती म्हणाली, "ऑरिन ट्वाइट. जुनं पाकीट बदललं. तारीख तीस जून." तीस जून म्हणजे पान हातात येऊन गेल्यानंतर पाच आठवडे. मनात म्हटलं, आता 'फाटक' निघणार आणि त्याखाली एखादं नवं, पक्कं कारण निघणार.

तिने कागद उघडला आणि वाचलं, "कुत्रं."

लोक हसले. अठरा वर्षांचा फाटकवाला फुटला म्हणून कुणीतरी टेबल वाजवलं. मग तिने तुझी कारणाची ओळ वाचली: "वचन पाळणारा माणूस बाहेरून फितुरासारखाच दिसतो, हे मी या उन्हाळ्यात जवळून पाहिलं."

मी एकटीच हसले नाही. मागच्या रांगेत बसून रडत होते, आयोनला वाटलं पाकीट मागे घेतलं म्हणून हळहळते आहे. ज्याने पान उलटलं असतं तो मेला तरी 'कुत्रं' लिहिणार नव्हता. तू ते उलटलं नाहीस, ऑरिन. दिवा लावून, भिंग ठेवून, डोळे जात असताना, तासभर बसून तू ते उलटलं नाहीस. आणि मग माझ्यामुळे आपली अठरा वर्षांची बाजू सोडलीस. मी संशय घेतला याची मला लाज वाटते, आणि ती वाटत राहणार.

सगळ्यांत चांगल्या कारणाला हात वर करून पेला मिळतो. तुझ्या ओळीला छत्तीस हात वर झाले. मी पाकीट मागे घेतलं होतं म्हणून मला हात वर करता आला नाही. तुला द्यायला म्हणून माझ्याकडे दिलेला पेला माझ्या बॅगेत तुझ्याच घरी सात दिवस मोज्यांत गुंडाळून पडला होता. चारशे दोन पान व्हायच्या आत दाखवला असता तर तू लगेच ताडलं असतंस. नंतर मी तो टेबलावर ठेवला तेव्हा तू विचारलंस, कशाबद्दल. मी म्हटलं, चिठ्ठी टाकून निघाला. ते खोटं होतं, आता खरं सांगितलं. माझ्या खिडकीतली पुसलेली जागा रिकामी आहे, तिथे आता एक साधा चहाचा पेला ठेवलाय. तू आपला तिकडे मांड, मी माझा इकडे मांडते.

परवा मिस ऑसगुडबाईंकडे शेवटचा हिशोब द्यायला गेले होते. त्यांना डेटनचं सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून एक कागद काढला आणि म्हणाल्या, "हे आता जाळायचं कारण नाही. ज्याचं आहे त्याला द्या."

म्हणून खालचं पान. त्याची पुढची बाजू तू मे महिन्यातच वाचली आहेस, माझं रागाचं पत्र आहे ते, पुन्हा वाचू नकोस. सिग्नेला जवळ बसव.

आता उलट.

तुझी,
वेल्मा